स्टेपनीसकट चार मीटर

एखादी गोष्ट मला आवडायला लागली की ती बंद होते, की बंद झाली की मला आवडायला लागते, यावर आमच्या घरात एकमत नाही. पण फोर्डच्या इकोस्पोर्ट गाडीच्या बाबतीत माझी बाजू भक्कम आहे. जून २०१३ मध्ये ती बाजारात आली तेव्हापासून ती मला आवडते. तेव्हा मी स्कूटरवर होतो. कर्वे रस्त्याच्या सिग्नलला तिच्या मागे थांबायचं आणि पाठीला लटकवलेली स्टेपनी बघत राहायचं, एवढंच परवडायचं. २०१७ च्या अखेरीस ती नव्या रूपात आली तेव्हा घराचे हप्ते ऐन भरात होते. ते संपत आले, म्हटलं आता घेऊ, तर ९ सप्टेंबर २०२१ ला फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यांचा साणंदचा कारखाना पुढे टाटांनी घेतला. माझ्या हातात राहिली ती जुन्या गाड्यांची बाजारपेठ.

"बंद पडलेली गाडी घ्यायची?" बायकोने विचारलं.

"बंद पडलेली नाही. बंद झालेली."

"बरं. मग घेतल्यावर पडेल."

सोसायटीतल्या कट्ट्यावर बातमी माझ्या आधी पोचली होती. "कंपनीच गेली हो तिची," असं सगळे अशा आवाजात म्हणाले, की मी दोन मिनिटं उभं राहावं की काय असं मला वाटलं. दुसरा प्रश्न ठरलेला. पार्ट मिळतील का? यांच्यातल्या एकाने गेल्या दहा वर्षांत आपल्या गाडीला वायपरखेरीज एकही पार्ट घातलेला नाही, पण माझ्या पार्टांची काळजी त्याला झोपू देईना. मी सांगितलं, कंपनीने जाताना सर्व्हिस आणि सुटे भाग चालू ठेवू असं सांगितलंय, शिवाय हेच दीड लिटरचं डिझेल इंजिन फिगो, अस्पायर, फ्रीस्टाइल सगळ्यांत होतं, म्हणजे सामान एकट्या हिच्यापुरतं नाही. बी विंगमधले गृहस्थ एवढा वेळ गप्प होते. ते म्हणाले, "माझीही कंपनी अशीच गेली. २०१७ ला जनरल मोटर्सने इथली विक्री थांबवली. तळेगावचा कारखानासुद्धा ह्युंदाईने घेतला. माझी गाडी तेवढी कोणी घेत नाहीये." आणि लगेच, "दाखवू का? पार्किंगमध्येच आहे."

एक आजोबा वेगळ्याच कारणाने चिडले होते. त्यांच्या मते इकोस्पोर्टसारख्या चार मीटरच्या आतल्या एसयूव्हीचं कौतुक इतरांनी सांगूच नये, कारण प्रीमियर कंपनीची रिओ त्याआधीच, २००९ मध्ये, आपल्या चिंचवडला तयार होऊन बाहेर पडली होती. ती चालली का, हा प्रश्न त्यांनी गैरलागू ठरवला. आधी कोणी केलं ते महत्त्वाचं.

पहिले तीन रविवार जुन्या गाड्यांच्या दुकानांत गेले, त्याबद्दल फार लिहीत नाही. तिथे प्रत्येक गाडी डॉक्टरांची असते. पुण्यातले डॉक्टर एवढ्या गाड्या विकत असतील तर ते दवाखान्यात जातात कसे, हे मला कळलेलं नाही. एका ठिकाणी २०१५ च्या गाडीचा मीटर २८,००० दाखवत होता आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजून खालचं लोखंड चकाकत होतं. "डॉक्टर जरा वजनदार होते," दुकानदार म्हणाला.

चौथ्या रविवारी ही जाहिरात दिसली:

'इकोस्पोर्ट, डिझेल, २०१८, एमएच-१२. मालक एकच (मी). किंमत ५,७५,०००, विचार करूनच लिहिली आहे. दुपारी १ ते ४ फोन आल्यास वाढेल.'

मी पावणेपाचला फोन केला. पत्ता सहकारनगरचा निघाला. सोबत धायरीचे आमचे मिस्त्री घेतले. हे बोलतात कमी आणि गाडीखाली जास्त असतात. काका गेटपाशीच उभे होते. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. गाडी मागे, स्वच्छ कापडाखाली. मी कापडाकडे हात नेला.

"थांबा. आधी बसा. राहता कुठे?"

"सिंहगड रोड. वडगाव बुद्रुक."

काकांनी चष्मा वर केला. "जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं होतं. तुमच्याकडे?"

आता हा प्रश्न खरं तर माझा होता. पुण्यात जुनी गाडी घेताना ती पुरात उभी होती का, हे आधी बघतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, टोकाला चिखलाची रेघ दिसते का पाहायचं, सीटच्या रुळांवर गंज आहे का चाचपायचं. हे सगळं पाठ करून मी आलो होतो, आणि समोरचा माणूस माझ्या घराचा सीटबेल्ट ओढून बघत होता.

"आमचं घर उंचावर आहे. आमच्याकडे नळालाच पाणी येत नाही काका, नदीचं कुठून येणार?"

"हं. ही गाडी ५५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनीने लिहिलंय. मी कधी नेली नाही. लिहिलंय म्हणून काय लगेच करून बघायचं?"

त्यानंतर फाइल उघडली. सगळी बिलं तारखेप्रमाणे, आणि सोबत एक डायरी. पहिल्या टाकीपासून प्रत्येक वेळी किती लिटर, किती किलोमीटर, सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत, निळ्या शाईत. फक्त एका ओळीखाली लाल रेघ होती: १५.१२. "तेव्हा नाइलाजाने पिंपरीला भरलं होतं," काका म्हणाले. मीटर ४१,३०६ दाखवत होता, डायरीची बेरीजही तेवढीच येत होती. मी न विचारता त्यांनी ती मला करून दाखवली.

मिस्त्री एव्हाना कामाला लागले होते. बॉनेटच्या नटांवरचा रंग उडालाय का, ऑइलचं झाकण काढल्यावर धूर येतो का, दरवाजांच्या फटी सारख्या आहेत का. काका त्यांच्यामागे टॉर्च धरून चालत होते. टॉर्च काकांचीच. "तुमची पिवळी आहे, त्यात ओरखडे दिसत नाहीत." विकणाराच आपल्या गाडीचे ओरखडे दाखवायला टॉर्च धरतो, हे मिस्त्रींनी तीस वर्षांच्या धंद्यात पाहिलं नव्हतं. ते थोडे घाबरलेच. टायरवरचा आकडा त्यांनी मोठ्याने वाचला, ३४२२.

"२०२२ चा चौतिसावा आठवडा," काका म्हणाले. "गणपतीच्या आधी बनलेले. पाच घेतले. लोक चार घेतात आणि स्टेपनी कायम बिचारी जुनी."

डिकीचं हँडल मात्र मला सापडेना. दार वर उचलायला गेलो तर ते वर जाणारं नव्हतंच, कपाटासारखं बाजूला उघडणारं होतं. हँडल लपवलं होतं मागच्या दिव्याच्या आकारात. मी दोन मिनिटं गाडीची पाठ चाचपडत राहिलो आणि काका हाताची घडी घालून ते बघत राहिले. त्यांच्या फाइलमध्ये माझेही गुण लिहिले जात असावेत असा मला तेव्हा पहिल्यांदा संशय आला.

मिस्त्री गाडीखालून बाहेर आले, हात पुसले, आणि धंद्याला जागून म्हणाले, "गाडी ठीकाय साहेब. पण टायमिंग बेल्ट मूळचाच आहे, बदलावा लागेल. लिंक रॉड वाजतोय. इंजिनचं सामान मिळून जातं, नाना पेठेत नाही मिळालं तर मागवता येतं. पुढं-मागं लाइट, बंपर काही फुटलं तर मात्र थांबावं लागेल." माझ्याकडे बघून त्यांनी डोळा बारीक केला. म्हणजे आता मी किंमत पाडून मागायची.

मी तोंड उघडायच्या आत काकांनी फाइलचं शेवटचं पान काढलं. बेल्ट आणि लिंक रॉड दोन्ही लिहिलेले होते, मजुरीसकट. "हे वजा करूनच ५,७५,००० झालेत. तुमच्या मिस्त्रींनी पाठीमागच्या बंपरचा ओरखडा सोडला, तोही मी धरलाय."

इन्शुरन्सचा विषय मी जरा हुशारीने काढला. पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे, तो...

"तो माझा. गाडीबरोबर जात नाही. कोणालाही न ठोकण्याचं पुण्य मी कमावलंय, तुम्हाला कसं लागू होईल? इन्शुरन्स तुमच्या नावावर करायला चौदा दिवस असतात. मालकी बदलायचे, एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म मी भरून ठेवलेत. खरेदीदाराचं नाव तेवढं कोरं आहे. ते अजून ठरायचंय."

ते अजून ठरायचंय! मी पैसे द्यायला आलो होतो.

चाचणीसाठी तळजईचा चढ त्यांनीच निवडला. मिस्त्री मागे, काका माझ्या शेजारी, पाय असे ताणलेले की जणू त्यांच्याही बाजूला ब्रेक आहे. गाडी झकास होती. १,४९८ सीसीचं डिझेल, शंभर घोडे, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये टर्बो जागा झाला की पाठीला हलका धक्का बसतो. २०१३ पासून जो माणूस हिची पाठच बघत आलाय, त्याला पहिल्यांदा स्टिअरिंगमागून रस्ता दिसत होता. माझे डोळे जरा भरून आले असतील.

"क्लचवरचा पाय काढा. ते पायपुसणं नाही."

मी काढला.

"का विकताय काका?" परत येताना मी विचारलं. एवढ्या लाडाची गाडी.

"डावा गुडघा. क्लचचा. रजिस्ट्रेशन २०३३ पर्यंत आहे हिचं, माझं काही तेवढं दिसत नाही. हिची क्लच प्लेट नाना पेठेत मिळते. माझ्याही गुडघ्याची वाटी मिळते म्हणा, पण ती बसवून घ्यायला हीच विकावी लागेल." मग खिडकीबाहेर बघत, "जाऊ द्या त्याला, डावीकडून कोणीतरी घुसतोय."

गेटपाशी आल्यावर मी चेकबुक काढलं. काकांनी ते बघितलंही नाही.

"रविवारी सकाळी अकराला पार्किंग बघायला येतो."

आणि ते आले. गाडी घेऊन आले, सोबत लोखंडी टेप. आमच्या पार्किंगला एका बाजूला खांब, मागे भिंत, पुढे पांढरी रेघ आणि खांबावर सेक्रेटरींची पाटी: 'वाहने रिव्हर्समध्येच लावावीत. रेघेबाहेर आलेल्या वाहनास रु. ५०० दंड. चर्चा करू नये.' काकांनी पाटी दोनदा वाचली. मला वाटलं रागावतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर गावाकडचं कोणी भेटावं तसा आनंद दिसला.

गाडी रिव्हर्समध्ये लावली. स्टेपनी भिंतीला टेकायच्या बेतात आली तरी नाक रेघेबाहेर. टेप लावली. चार मीटर आणि वर वीतभर. शिवाय बाजूला उघडणाऱ्या डिकीच्या दाराला खांब आडवा.

सेक्रेटरी वरून बघत होतेच. खाली आले. "बाहेर आलीय."

"कागदोपत्री ही चार मीटरच्या आत आहे," काका म्हणाले. "तेवढ्यासाठीच हिला लहान गाडीचा कर लागला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम ९३. लांबी मोजताना स्टेपनी धरत नाहीत. पोस्टाची पेटी बसवली असेल तर तीही धरत नाहीत. सरकार चाक मोजत नाही."

"हे सरकार नाही," सेक्रेटरी म्हणाले. "ही सोसायटी आहे."

"मग तोंड आत करून लावू. डिकीही उघडेल."

"पाटी वाचली नाहीत?"

"वाचली. उपविधींत आहे का हे? कितव्या कलमात?"

सेक्रेटरींना आजवर हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ते वर जाऊन पुस्तक घेऊन आले. काकांनी फाइल उघडली. त्यात नियमाची छापील प्रत होती. म्हणजे घरून निघतानाच त्यांना हे होणार याची खात्री होती, निदान आशा होती. मी मध्ये एकदा बोलायचा प्रयत्न केला. "तुम्ही थांबा हो," दोघंही एकदम म्हणाले. कट्ट्यावरची मंडळी जमली. रिओवाल्या आजोबांनी रिओला मागे स्टेपनी होती की नव्हती यावर बोलायला सुरुवात केली. बी विंगमधल्या गृहस्थांनी काकांना बाजूला घेऊन हळूच स्वतःची गाडी दाखवली.

मुद्दा कलम, पोटकलम करत रेघ बाहेरून मोजायची की आतून, इथवर आला तेव्हा काकांनी घड्याळ बघितलं. पाऊण वाजला होता.

"चारला येतो."

"सव्वाचार," सेक्रेटरी म्हणाले. "चहा होऊ दे."

"गाडी हलवायची नाही. मोजमाप झालंय तिथेच राहू दे," असं मला बजावून काकांनी किल्ली खिशात टाकली आणि रिक्षा केली. सेक्रेटरींनी जाताना रेघेवर खडूने गाडीच्या नाकाची खूण केली.

बायको गॅलरीत आली. "अरे, आली का गाडी?"

"आली."

"आपली?"

"सव्वाचारनंतर कळेल."