'एक जुना वाचक' यांना उत्तर: बॅलन्स्ड म्हणजे नक्की कुठलं?

लॅपटॉपच्या स्लीप-हायबरनेटवाल्या (स्लीप म्हणजे झोपवणं, हायबरनेट म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) पोस्टवर 'एक जुना वाचक' या नावाने कमेंट आलीय. थोडक्यात अशी: एवढं रडगाणं कशाला, वीजवापराचं सेटिंग बॅलन्स्डवर ठेवायचं आणि विसरून जायचं, शाळेतल्या पोरालाही कळतं. स्लीपमध्ये फक्त रॅमला वीज लागते. हायबरनेट बंद करायची कमांड दिलीत पण त्याने फास्ट स्टार्टअपही (मशीन लवकर सुरू व्हायची सोय) बंद होतं हे लिहिलं नाहीत. आणि स्क्रीनशॉट जुना आहे. उत्तर लांबलं म्हणून वेगळं टाकतोय.

स्क्रीनशॉट विंडोज 10 चा आहे, मान्य, बदलतो. झालं?

आता ते "शाळेतल्या पोरालाही कळतं". अहो, एवढं ठणकावून बोलायचं तर स्वतःचं नाव तरी लावायचं. मी तालुक्याच्या गावी एमएस-सीआयटीच्या बॅचेस घेतल्यात, त्या भारनियमनाच्या दिवसांत, यूपीएस कोकलायला लागला की "सेव्ह करा, सेव्ह करा" ओरडत टेबलाटेबलावर फिरायचो. रिटायर्ड मास्तर, अंगणवाडीच्या ताया, दुकानदार, सगळे शिकून गेले, एकालाही मी असं तोंडावर बोललो नाही. त्यामुळे कुणाला काय कळतं हे प्लीज मला सांगू नका.

बरं, बॅलन्स्डवर ठेवायचं ना, मग कुठल्या? कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये बॅलन्स्ड नावाचा प्लॅन आहे. विंडोज 11 च्या सेटिंग्जमध्ये पॉवर मोड म्हणून दुसरीच यादी आहे, त्यातही मधला पर्याय बॅलन्स्डच. प्लॅन बॅलन्स्ड आणि मोड बेस्ट परफॉर्मन्स, असं दोन्ही एकाच वेळी चालतं, आणि प्लॅन हाय परफॉर्मन्स केला तर मोड बदलताच येत नाही. वर बऱ्याच कंपन्या स्वतःचं अ‍ॅप देतात, त्यात पंख्याचा आणि चार्जिंगचा कारभार वेगळाच. झाकण मिटल्यावर काय व्हावं हे परत तिसरीकडे, तेही बॅटरीवर असताना एक आणि चार्जर लावलेला असताना एक असे दोन रकाने. हायबरनेट तर मेन्यूत बहुतेक वेळा दिसतच नाही, "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल" अशा लिंकवर आधी क्लिक करायचं मग खाली टिक करायची. हे सगळं एका सासूच्या हाताखाली चार सुना असल्यासारखं आहे आणि तुम्ही म्हणता विसरून जा!

आणि विसरलोच होतो की मी. माझा लॅपटॉप दोन्हीकडे बॅलन्स्डवर, झाकण मिटवून बॅगेत टाकला, एसटीने निघालो, उतरताना बॅग पाठीला चटका देत होती आणि बॅटरी संपलेली. कारण असं की आताच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये जुना एस-थ्री स्लीप, म्हणजे फक्त रॅमला वीज देणारा, मिळतच नाही, मॉडर्न स्टँडबाय असतो, म्हणजे स्क्रीन बंद पण मशीन मोबाईलसारखं अर्धवट जागं, नेटवर्कही चालू राहू शकतं. एखादा ड्रायव्हर किंवा प्रोग्राम त्याला नीट झोपू देत नसेल तर बंद बॅगेत तापणारच. यात बॅलन्स्डने काय फरक पडणार होता? तुमचं रॅमवालं वाक्य पण त्यातच निकालात निघालं, ते जुन्या स्लीपचं आहे. म्हणूनच तर पोस्टमध्ये सांगितलं होतं की बॅगेत टाकायचा असेल तर झाकणाच्या दोन्ही रकान्यांत हायबरनेट लावा. पण ते वाचायला शेवटपर्यंत जावं लागतं.

फास्ट स्टार्टअपचं म्हणाल तर पोस्ट त्यावर नव्हतीच. हायबरनेट बंद करायची कमांड मी डिस्क भरलेल्यांसाठी दिली होती, त्यांना बूटला थोडा जास्त वेळ लागला तर काही बिघडत नाही. सगळंच लिहीत बसलो असतो तर तुम्हीच म्हणाला असतात पाल्हाळ लावलंय.

पुढची कमेंट जरूर करा, पण आधी कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी स्लॅश ए (powercfg /a) मारा, तुमच्या मशीनला एस-थ्री आहे का एस-झिरो (म्हणजे मॉडर्न स्टँडबाय) ते येईल, ते इथे पेस्ट करा, मग बोलू. आणि हो, पोराला विचारून नका टाकू.