आपल्या गावात नको, परळमध्ये मात्र हवं

न्यू जर्सीतल्या आमच्या गावात परवडणाऱ्या घरांची इमारत येणार म्हणून नगरपालिकेत सभा होती. विरोधात बोलायला उठलेल्यांत निम्मी आपलीच माणसं. शाळांवर ताण येईल, पार्किंगचं काय, घरांचे भाव पडतील. सभा संपल्यावर त्यातलेच एक गृहस्थ गाडीपाशी थांबून मला म्हणाले, "परळ-लालबाग बघवत नाही हो. मराठी माणूस पार बदलापूरला फेकला गेला." आवाजात खरी कळकळ होती. आपण तासाभरापूर्वी कुणाला कुठे फेकत होतो, हे त्यांच्या ध्यानीही नव्हतं.

माझा धंदाच हा असल्याने मला ते जास्त लागलं. मुंबईची एलएलबी इथे चालेना, म्हणून पुन्हा कायदा शिकले आणि गेली कित्येक वर्षं परवडणाऱ्या घरांचे करारच करते आहे. या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये माउंट लॉरेल खटल्यात बजावलं की गरिबांना दाराबाहेर ठेवणारे नियोजनाचे नियम गावांना करता येणार नाहीत. तेव्हापासून गावं पळवाटा शोधताहेत आणि वकील त्या बुजवताहेत. माझी चूल त्यावर पेटते, हे कबूल करायला हवं.

भाचा मुंबईत कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा फोनवर म्हणाला, "आत्या, मला तुझ्यासारखं काम करायचंय. पण इथे रीडेव्हलपमेंट म्हणजे बिल्डरचीच बाजू. त्यात आपलं काय?"

आपलं काय, ते त्याच्या घरात घडलंय. आमच्या चाळीतल्या खोलीच्या करारावर दादाने गॅलरीत, कॅरमबोर्डवर कागद ठेवून सही केली. इंग्रजीतली बावीस पानं. सगळ्यांच्या सह्या दीड तासात उरकल्या. रहिवाशांच्या वकिलाची फी बिल्डरच भरत होता, आणि यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. अकराव्या पानावर लिहिलं होतं, बाहेर राहण्याचं भाडं बिल्डरकडून छत्तीस महिने मिळेल. "नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत" असं नव्हतं. सदतिसाव्या महिन्यात चेक बंद झाला तेव्हा टॉवर जोत्याच्या वर आलेला नव्हता. दादा अजून डोंबिवलीत भाडं भरतोय. बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या महारेराकडे जावं, तर तिचं कवच मुख्यतः विकत घेणाऱ्यांसाठी. जुना भाडेकरू त्याबाहेरच राहतो.

इथे १९८६ च्या करसुधारणा कायद्याने एक साधी युक्ती केली. परवडणाऱ्या घरांत पैसे घालणाऱ्याला करात सवलत मिळते, पण दहा वर्षांत, हप्त्याहप्त्याने. पंधरा वर्षांच्या आत नियम मोडला तर घेतलेल्या सवलतीतलाही काही भाग परत जातो. त्यामुळे भाडेकरूशी नीट वागण्यात गुंतवणूकदाराचाच स्वार्थ. आपल्याकडे बिल्डरचं बक्षीस म्हणजे वाढीव एफएसआय, जास्त बांधायची मुभा, आणि त्यावरचे फ्लॅट पाया खणतानाच बुक होतात. ओसीच्या, म्हणजे राहायला जाण्याच्या परवान्याच्या, अटी असतात. पण बिल्डरच बुडाला तर त्या दाखवायच्या कुणाला?

म्हणून अमेरिका थोर, असं नाही. इथल्या कमी भाड्याच्या अटी साधारण तीसेक वर्षांनी सुटतात आणि मग भाडी भडकतात. करार होताना टेबलाभोवती बँकेचा, गुंतवणूकदाराचा, राज्याचा, बांधणाऱ्याचा असे वकील असतात, भाडेकरूचा नसतोच. आणि चाळकऱ्याला त्याच जागी मालकीचं घर फुकट द्यायचं, हे इथे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० फुटांचं घर मिळतं, हे सांगितलं तर माझे सहकारी थक्क होतात.

भाच्याला मी पैशांबद्दल खोटं सांगितलं नाही. बिल्डरकडे जास्त मिळतील. पण सोसायटी झाली असेल तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या सर्वसाधारण सभेत कोरम किती, संमती ५१ टक्के कशाच्या, बँक गॅरंटी किती रकमेची, हे सभासदांच्या बाजूने बसून मराठीत समजावणारा वकील चाळीला मिळत नाही. त्याची फी सभासदांनी वर्गणी काढून द्यावी. गणपतीला काढतो तशीच. नव्या इमारतींत मराठी माणसाला घरं राखून ठेवा, ही मागणी मला समजते; पण हातात असलेली खोली दीड तासात सही करून जाते, त्याला कुठलं आरक्षण पुरणार?

काल त्याने काळाचौकीच्या एका चाळीचा मसुदा पाठवला. नवव्या पानावर पुन्हा "छत्तीस महिने". मी पेन उचललं, तर त्या शब्दांखाली त्याने आधीच लाल रेघ मारलेली होती.