बकासुराचा उपास

आमच्या फ्रीजरच्या वरच्या कप्प्यात खवलेला नारळ, मटार, गेल्या गणपतीतलं उरलेलं सारण आणि अकरा उंदीर असतात. पाहुण्या आलेल्या बायका ‘तू बस गं, बर्फ मी घेते’ म्हणून उठल्या की मी हातातलं टाकून धावते.

हा सगळा उद्योग मुलाचा. मार्चमध्ये त्याने कुणाला तरी नकोसा झालेला एक बॉल पायथन, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या जातीचं छोटं अजगर, अमेरिकेत नेपरव्हिलच्या आमच्या घरी आणलं आणि ऑगस्टमध्ये स्वतः अर्बानाला कॉलेजला निघून गेला. होस्टेलवर साप चालत नाहीत म्हणे. घरी आईला चालतात.

‘चारच वर्षांचा प्रश्न आहे, आई.’ मी विश्वास ठेवला. मग आमच्या ह्यांनी रात्री फोनमध्ये डोकं घालून वाचून दाखवलं, की सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आणलेल्या याच जातीच्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली. तेव्हा तिचं वय किमान ६२, आणि त्याआधीच्या पंधराएक वर्षांत नराचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मी मनातल्या मनात माझ्या वयात साठ मिळवले आणि दिवा बंद केला.

अजगराचं नाव बकासुर. एकचक्रा नगरीतला मूळ बकासुर गाडाभर अन्न, ते ओढणारे दोन रेडे आणि वर गाडी आणणारा माणूस खायचा. आमचा बकासुर काहीच खात नाही. पीठ मोजायच्या काट्यावर पातेलं ठेवून त्यात त्याला बसवलं, तर ३१२ ग्रॅम. वर्षाच्या अजगराचं अंग कसं नळासारखं गोल हवं. ह्याचा कणा वर आलेला आणि दोन्ही बाजू कौलारू छपरासारख्या उतरलेल्या. आमच्या माहेरी पंगतीत ‘नको’ म्हणणाऱ्याच्या पानात आधी दोन जिलब्या पडत. तिथे वाढलेल्या बाईच्या घरात हे असं हडकलेलं जनावर!

मुलगा गेला त्याच्या चौथ्या दिवशी नागपंचमी होती, आणि त्याने कागदावर लिहून ठेवल्याप्रमाणे उंदराचा वारही तोच. सणाच्या दिवशी हे कसं करायचं? मग एकेक नियम आठवला. चिरायचं नाही. उंदीर अख्खाच द्यायचा असतो. तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. तोही प्रश्न नाही, कारण उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये वितळवून मग पिशवीसकट गरम पाण्यात ठेवायचा असतो. (मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही, फुटतो. हे आधी कळलं हे माझं भाग्य.) एका भांड्यात पुरणाची दिंडं उकडत होती, दुसऱ्यात उंदीर शेकत होता. इतकी शास्त्रशुद्ध नागपंचमी आमच्या सात पिढ्यांत कुणी केली नसेल. उंदराचं भांडं म्हणजे माझ्या लग्नात आलेलं स्टीलचं पातेलं, त्यावर ‘सप्रेम भेट’ कोरलेलं.

बकासुराने त्या सप्रेम भेटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

त्याच्या वरच्या ओठाशी बारीक खळगे असतात, त्यांतून त्याला समोरच्याची ऊब कळते. उंदीर शंभर फॅरनहाइटच्या आसपास हवा, म्हणजे अंगात कणकण असलेल्या पोराएवढा. गार झाला की त्याच्या लेखी ते जेवण नव्हेच. तेव्हा पाण्यातून काढायचा, पुसायचा, लांब चिमट्यात धरायचा आणि जिवंत असल्यासारखा हलवायचा. मला हलवण्याची एकच पद्धत येते. मी सुरू केलं: हा घास चिऊचा, हा घास काऊचा. काऊच्या घासाला उंदीर त्याच्या नाकाला लागला. त्याने डोकं आत घेतलं आणि अंगाचा चेंडू केला. त्याच्या नावातला ‘बॉल’ तो हाच. भ्यायलं की अशी गुंडाळी करून बसायचं आणि डोकं मधोमध लपवायचं. माझ्या हातचं नको म्हणणारी पोरं मी पाहिली आहेत, पण स्वतःलाच झाकण लावून घेणारं हे पहिलंच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढलं. तिसऱ्या दिवशीही. उंदीर बदलून पाहिला, लहान दिला, पांढऱ्याऐवजी करडा दिला. दर वेळी न खाल्लेला उंदीर सकाळी कचऱ्यात, कारण एकदा वितळलेला परत गोठवत नाहीत. घरात शिळी पोळीही वाया न घालवणाऱ्या मला याचा किती त्रास झाला असेल! काटा २९६ वर आला.

आई सांगलीहून रोज व्हिडिओ कॉलवर. तिचं माहेर बत्तीस शिराळ्याचं. कोर्टाच्या बंदीआधी तिथे नागपंचमीला घरोघर जिवंत नाग पुजले जायचे, त्यामुळे या विषयात तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. ‘दूध दे’ म्हणाली. सापाला दूध पचत नाही हे मी समजावलं. मग म्हणाली, ‘दृष्ट लागलीय. मीठमोहऱ्या ओवाळ.’ अगं, सापाची कसली दृष्ट? ‘तू रोज त्याच्यापुढे बसून बघतेस ना? आईचीच लागते सगळ्यात आधी.’

शेवटी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेला, उशीच्या अभ्र्यात गाठ मारून. तिने तोंड उघडून पाहिलं, पोट चाचपलं, विष्ठा तपासली. रोग काही नाही. मग मलाच विचारायला लागली. पेटीच्या तिन्ही काचा न झाकलेल्या? लपायला बीळ एकच, आणि तेही ऐसपैस? उबेच्या बाजूला तापमान किती? नव्वद, मी काचेवरचा आकडा सांगितला. घरी येऊन ह्यांनी तवा मोजायची तापमापक बंदूक जमिनीवर रोखली, तर एक्याऐंशी. म्हणजे इतके दिवस मी त्याला गारठ्यात जेवायला बसवत होते. शिवाय बीळ असं हवं की अंग चहूबाजूंनी टेकलं पाहिजे, आणि तशी दोन हवीत, एक उबेला, एक गारव्याला. आम्ही त्याला मोठ्या हौसेने दिवाणखाना दिला होता, त्याला हवी होती माळ्यावरची अडगळ.

‘आणि दहा दिवस काही वाढू नका,’ डॉक्टर म्हणाली. ‘रोज समोर जाऊ नका. ही जात आठवडेच्या आठवडे उपाशी राहते, पण वजन लिहीत जा. फारच घसरलं तर या.’ दहा दिवस! आमच्याकडे संकष्टीलासुद्धा चंद्रोदयाची वाट बघवत नाही.

काचांना काळा कागद लावला, बिळं घातली, पेटी दमट ठेवली. दहावा दिवस आला तो नेमका गणपतीत. बाहेर पाटावर बाप्पा. त्यांचं वाहन आमच्या फ्रीजरमध्ये आणि कमरपट्टा आतल्या खोलीत काचेच्या पेटीत. आरतीला तीस माणसं होती. अंधार पडल्यावर मी हळूच आत गेले, उंदीर बिळाच्या तोंडाशी ठेवला. निघताना काय वाटलं कोण जाणे, खिशातून चिमूटभर मीठमोहऱ्या काढून पेटीवरून तीनदा ओवाळल्या. गॅसवर टाकल्या असत्या तर धुराचा भोंगा वाजून आरतीतच अग्निशमनवाले आले असते, म्हणून बागेत फेकल्या. मग मोदक वाढण्यात उंदीर विसरले.

सकाळी पाहिलं तर उंदीर नाही. मी आधी चिमट्याने सगळा भुसा उकरला, पाण्याच्या वाटीखाली पाहिलं. मग बिळात टॉर्च मारला. त्याच्या छपरासारख्या अंगाच्या मधोमध भाताच्या मुदीसारखा फुगवटा. हात शिवशिवले, पण दोन दिवस उचलायचं नाही, नाहीतर उलटून टाकतो.

डॉक्टरला कळवलं. ‘तापमान!’ ती म्हणाली, ‘मी म्हटलं होतं.’ आईला कळवलं. ‘मोहऱ्या!’ ती म्हणाली, ‘मी म्हटलं नव्हतं?’ मुलाला कळवलं, त्याने फक्त अंगठा पाठवला.

पुढच्या रविवारी उंदीर पुन्हा शंभरावर आणून ठेवला. बकासुर बिळातून बाहेर आला, त्याला वळसा घालून गेला आणि पाणी पिऊन झोपला.