‘बायोइन्फॉर्मेटिक्स म्हणजे डेटा एंट्री’: त्या मेसेजला उत्तर

लातूर-नांदेडकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून पोरांना बीएस्सीनंतर बायोइन्फॉर्मेटिक्सच्या (म्हणजे जीवशास्त्रातला डेटा संगणक आणि संख्याशास्त्रानं तपासण्याच्या विषयाच्या) एमएस्सीला घालू नका. ती नुसती डेटा एंट्री आहे, गणित नको असणाऱ्यांची पळवाट आहे, होतं नव्हतं ते काम एआयनं खाल्लंय, आणि मराठवाड्यात त्याचा उपयोग शून्य. खाली नोकरीची भीतीही घातलीय. तिच्यात तथ्य आहे. बाकीच्यात फारसं नाही.

आधी मराठवाड्याचं. लातूरच्या दालमिल ज्या तुरीवर चालतात, तिचा जनुकीय आराखडा 2011 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. पुढाकार होता हैदराबादजवळच्या पटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचा, म्हणजे उदगीरहून पुण्यापेक्षा जवळच. ‘आशा’ वाणावरच्या त्या कामात 48,680 जनुकांचा अंदाज निघाला. मर आणि वांझ रोगानं तुरीचं काय होतं हे बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे वाण पेरणाऱ्याला सांगायला नको. रोग न घेणारं झाड हुडकायला शेतात रोग पडायची वाट बघायची, की कोवळ्या पानातल्या डीएनएवरून आधीच निवड करायची? दुसरी वाट धरायची तर डीएनएतली नेमकी कोणती जागा प्रतिकाराशी जोडलेली आहे ते कुणीतरी शोधून द्यावं लागतं. हेच बायोइन्फॉर्मेटिक्सचं काम.

आता ‘डेटा एंट्री’ आणि ‘गणित नको’. वरचाच आकडा घ्या. मर लागलेली आणि निरोगी अशी रोपं घेतली, आणि कोणत्या जनुकांचं काम बदललं ते एकेक करून तपासलं. नेहमीची 0.05 ची चाळणी (म्हणजे परिणाम नसतानाही शंभरात पाच वेळा चुकीचा होकार चालवून घ्यायचा) लावली, तर रोगाचा काडीचाही परिणाम झालेला नसला तरी 48,680 पैकी सुमारे 2,434 जनुकं निव्वळ योगायोगानं ‘महत्त्वाची’ ठरतील. सॉफ्टवेअर ती यादी रंगीत आलेखासकट काढून देतं. दिसते झकास! त्यातली फोल कशी पाखडायची यासाठी 1995 ची बेंजामिनी-हॉकबर्ग पद्धत आहे, पण ती कधी पुरते, मुळात किती रोपं घ्यायला हवी होती, हे संख्याशास्त्र पक्कं असल्याशिवाय कळत नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं यातलं काही केलेलं दिसत नाही.

या विषयाचा शेजारी जैवगणित, म्हणजे जीवशास्त्रातल्या घडामोडी समीकरणांत मांडणं, तर आणखी कडक. साथ कशी चढते आणि का ओसरते याचं कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी 1927 साली मांडलेलं गणित ज्या आकड्यांशी ताडून पाहिलं गेलं, ते होते 1905-06 च्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचे. कोरोनात वापरलेली बरीच मॉडेलं त्याच घराण्यातली. त्यात डिफरन्शियल इक्वेशन टाळताच येत नाही. गेट या राष्ट्रीय परीक्षेच्या बायोटेक्नॉलॉजी पेपरातही लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस, प्रोबॅबिलिटी आहेच. तेव्हा दहावीनंतर गणित सोडलेल्या ‘बी ग्रुप’च्या पोरांना माझं सांगणं मेसेजच्या अगदी उलट आहे: पळवाट म्हणून इकडे आलात तर पहिल्याच सत्रात घाम फुटेल. गणित भरून काढायची तयारी असेल तरच या.

एआयचं थोडक्यात. अल्फाफोल्ड या एआय प्रणालीनं प्रथिनांच्या रचना वर्तवण्यात क्रांती केली, 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याला वाटा मिळाला, सगळं खरं. पण ते शिकलं प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या रचनांवर, आणि प्रत्येक भागापुढे खात्रीचे शंभरपैकी गुण देतं. गुण 50 च्या खाली असतील तर तो भाग भरवशाचा धरायचा नसतो. हे न बघता चित्र प्रबंधात चिकटवणारे आहेतच. त्यांची नोकरी एआयनं खाल्ली तर मला दुःख नाही.

राहिली नोकरी. कंपन्या पुणे, हैदराबाद, बंगळुरूला आहेत, हे कबूल. नुसत्या एमएस्सीवर सुरुवातीला मिळतं ते बहुतेकदा एखाद्या प्रकल्पावरचं मुदतीचं काम, हेही कबूल. घरची ओढाताण असेल तर हा हिशोब आधीच करावा. पण गणित-प्रोग्रॅमिंग कच्चं ठेवून पदवी घेतलेल्याची आणि नेट-गेट काढलेल्याची वाट एकच असल्यासारखं त्या मेसेजात लिहिलंय, तिथं तो चुकतो. फी भरण्याआधी विभागात जाऊन विचारा: संख्याशास्त्र कोण शिकवतं? आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा प्रत्यक्ष मशीनवर करून घेतात का फळ्यावर? शेवटच्या सत्राच्या प्रकल्पाला मागच्या बॅचची पोरं कुठं गेली होती?