फुकट मिळालेल्या बुटाचं खरं परीक्षण कोण लिहिणार?

पोस्ट लांब आहे. इनलाइन स्केट (एका रांगेत चाकं असलेले बूट) विकत घेणारे, मुलांना क्लासला घालणारे आणि स्केटिंगवर लिहिणारे किंवा व्हिडिओ करणारे, या तिघांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

रोलरब्लेडिंगचं जग फार लहान आहे. त्यातलं ॲग्रेसिव्ह इनलाइन, म्हणजे रेलिंगवर आणि कठड्यांवर घासत जायचा प्रकार, तर एका मांडवात मावेल एवढंच. बूट बनवणारा, स्पर्धा भरवणारा, गुण देणारा आणि त्यावर लिहिणारा रात्री एकाच टेबलावर जेवतात. यात कुणी लबाड असायची गरज नाही. ज्याच्याबरोबर उद्या जेवायचंय त्याच्या बुटाची सोलप्लेट (घासायला तळाशी लावलेली पट्टी) महिन्यात चिरली, हे छापायला हात धजत नाही, एवढंच.

जॉन ज्युलिओ घ्या. मोठा स्केटर. व्हॅलो आणि नंतर देम हे ब्रँड त्यानं उभे केले आणि कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲनाची ब्लेडिंग कप ही स्पर्धाही त्याचीच. यात गैर काही नाही. असे लोक नसते तर या खेळात स्पर्धा फारशा उरल्याच नसत्या. पण त्या स्पर्धेचं वार्तांकन करणाऱ्यानं आयोजकाचा धंदा काय, परीक्षक कोण आणि परीक्षकांना बूट कोण देतं, हे दोन ओळींत लिहायला हवं. तेवढ्यानं कुणाचा अपमान होत नाही.

हे नवं दुखणं नाही. नव्वदच्या दशकात सॅन दिएगोहून 'डेली ब्रेड' निघायचं, पुढे जर्मनीतून 'बी-मॅग' आलं. दोन्ही स्केटरांनी स्केटरांसाठी चालवलेली मासिकं, फोटो अफलातून. पण पानं भरायची ती बूट, फ्रेम (बुटाखाली चाकं धरून ठेवणारा सांगाडा) आणि चाकं विकणाऱ्यांच्या जाहिरातींवर. सेनेट या तेव्हाच्या गाजलेल्या ब्रँडच्या कपड्यांवर आतल्या धुलाईच्या पट्टीवर 'सगळ्या मुलींचा नाश करा' असं इंग्रजीत छापलेलं असायचं. ते गाजलं बाहेरच्या वर्तमानपत्रांत. मग २००५ मध्ये एक्स गेम्स या टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या साहसी खेळांच्या मोठ्या स्पर्धेनं इनलाइन काढून टाकलं. १९९५ च्या पहिल्या वर्षापासून ते तिथे होतं. टीव्ही गेला, मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला, जाहिराती आटल्या. उरलेल्या चार ब्रँडना दुखवायची हिंमत आणखी कमी झाली. 'आधीच खेळ मरतोय, त्यात तुम्ही टीका करता?' हे वाक्य तेव्हापासून चालू आहे. माझ्या मते खेळाचं सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्यानं केलंय. वाईट बुटानं पाय सोलून निघालेला नवशिका परत येत नाही, आणि तो गेल्याची बातमीही होत नाही.

आता कामाचं बोलू. परीक्षण लिहायचं तर आधी पैशाचा हिशेब द्या, आणि तो वरच द्या, शेवटी बारीक अक्षरात नको. बूट विकत घेतला की कंपनीनं दिला? दिला असेल तर परत करणार की ठेवणार? छापण्याआधी मजकूर कंपनीला दाखवला का? लिंकवरून खरेदी झाली तर कमिशन मिळतं का? फुकट मिळालेली वस्तू हासुद्धा मोबदलाच. अमेरिकेच्या एफटीसीचे (व्यापार आयोगाचे) नियम तसंच मानतात, आणि आपल्याकडे एएससीआय या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेची २०२१ ची आणि ग्राहक व्यवहार विभागाची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात. 'माझं मत प्रामाणिक आहे' असं लिहिल्यानं ही जबाबदारी टळत नाही.

त्याहून चांगला उपाय म्हणजे पाच-सहा जणांनी वर्गणी काढायची, दुकानातून नाव न सांगता एक जोड घ्यायचा, वापरून झाल्यावर निम्म्या किमतीत विकायचा आणि उरलेला तोटा वाटून घ्यायचा. कंपनीकडून आलेला नमुना निवडून पाठवलेला असू शकतो. दुकानातल्या खोक्यातून निघतो तोच गिऱ्हाइकाला मिळतो.

मग माप. 'साइज बरोबर आहे' याला काही अर्थ नाही. भिंतीला टाच लावून पायाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा आणि ती लिहा. बऱ्याच कंपन्या दोन साइजना एकच शेल (बाहेरचं कडक कवच) वापरतात, फरक फक्त आतल्या लायनरच्या (मऊ अस्तराच्या) जाडीचा. म्हणून लायनर काढायचा, पाय नुसत्या शेलमध्ये घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघायचं. दहा ते पंधरा मिलिमीटर ठीक. पंचवीस असेल तर लायनर दबल्यावर टाच उचलली जाणार, म्हणजे घोट्याला फोड आणि वळताना ताबा नाही. परीक्षण करणाऱ्याचं वजनही हवं. पंचावन्न किलोच्या माणसाला जी फ्रेम ताठ वाटते तीच नव्वद किलोवाल्याच्या पायाखाली वाकते. इनलाइन स्केटसाठी युरोपचं ईएन १३८४३ मानक आहे, आणि ते वापरणाऱ्याच्या वजनाप्रमाणे स्केटचे वर्ग पाडतं. खोक्यावर कोणता वर्ग छापलाय ते वाचून सांगा.

फ्रेम कशी बसते ते पुढचं. ॲग्रेसिव्हमध्ये २००० च्या आसपास यूएफएस हे सामाईक माउंट (फ्रेम बुटाला जोडायची पद्धत) आलं आणि एका कंपनीची फ्रेम दुसरीच्या बुटाला लागायला लागली. शहरात फिरायच्या आणि फ्रीस्टाइलच्या बुटांत दोन बोल्टमधलं अंतर बहुधा १६५ मिमी असतं, शर्यतीच्या (स्पीड) बुटांत १९५. पॉवरस्लाइड कंपनीचं ट्रिनिटी माउंट तीन बोल्टवर बसतं. पाय जमिनीजवळ राहतो हे खरं, पण १६५ ची फ्रेम त्याला चालत नाही, म्हणजे उद्या फ्रेम बदलायची झाली तर पर्याय मोजकेच. वाचकाला ही बातमी रंगापेक्षा जास्त कामाची आहे.

चाकांचा व्यास व्हर्नियरनं मोजून लिहा. एकदा नवं असताना, एकदा शंभर किलोमीटरनंतर, आणि चाकांच्या जागा किती वेळा अदलाबदल केल्या तेही. आतल्या कडेचं युरेथेन (चाकाचा रबरासारखा भाग) जास्त झिजतंच, म्हणून एकच आकडा फसवतो. रस्ता कोणता हेही सांगा. ८५ए (हा कडकपणाचा आकडा) चं चाक गुळगुळीत कोब्यावर आणि मे महिन्यातल्या डांबरावर सारखं वागत नाही.

आणि आता बेअरिंग. इथे तर आपण सगळे वर्षानुवर्षं गंडवले गेलोय. 'एबेक ९' म्हणजे वेगवान, असं दुकानदार सांगतो, व्हिडिओवाला सांगतो, क्लासचे सर सांगतात. एबेक ही मापांच्या अचूकतेची श्रेणी आहे. पोलाद कसलं, गोळ्या किती गुळगुळीत, आतला मोकळेपणा किती, वंगण कोणतं, सील कसलं, यातलं काहीही त्यात येत नाही. स्केटच्या ६०८ बेअरिंगचं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, रुंदी ७. ही मापं सगळीकडे तीच, त्यामुळे घातलं की बसतं आणि शिक्का कुणीही मारू शकतो. हातानं चाक गरगर फिरवून दाखवणं हा तर निव्वळ खेळ. भार शून्य, आत पातळ तेल, फिरणारच. ग्रीस भरलेलं बेअरिंग हातात सुस्त वाटतं, पण पावसाळ्यात तेच टिकतं. खरी चूक बहुतेक वेळा स्पेसरमध्ये असते. दोन बेअरिंगमधला स्पेसर (छोटी नळी) किंचित आखूड निघाला की बोल्ट आवळल्यावर आतली कडी बाजूनं दाबली जाते, चाक जड होतं आणि शिव्या बेअरिंग खातं. बोल्ट घट्ट केल्यावर चाक अडतं, अर्धा फेरा सैल केल्यावर सुटतं, असं झालं तर संशय आधी स्पेसरवर घ्या.

दोन तास चालवून केलेल्या व्हिडिओला 'पहिली ओळख' म्हणा, परीक्षण म्हणू नका. बकलचे दात झिजणं, कफचा (घोट्याभोवतीच्या भागाचा) बोल्ट सुटणं, लायनर सपाट होणं, हे सगळं महिन्या-दोन महिन्यांनी दिसतं.

तक्रार छापताना मात्र सावध. एकाचा बूट मोडला तर ती गोष्ट झाली, बातमी नव्हे. वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघा-चौघांचा एकाच जागी चिरला तर विचारायला सुरुवात करा. प्रत्येकाकडून खरेदीची तारीख, वजन, वापराचा प्रकार, तुकड्याचा जवळून फोटो आणि आतल्या बाजूला कोरलेला बॅचचा आकडा असेल तर तो मागा. जास्त आवळलेल्या बोल्टमुळे पडलेली चीर बोल्टच्या भोकापासून निघते. दोष साच्याचा असेल तर कड किंवा जोड बघा. नक्की कळत नसेल तर तसं म्हणा. मग कंपनीला नेमके प्रश्न लेखी पाठवा, आठ दिवस द्या आणि उत्तर कात्री न लावता छापा. उत्तर आलं नाही तर तेही छापा. बदनामीच्या फौजदारी कायद्यात आपल्याकडे 'खरं आहे' एवढा बचाव पुरत नाही, ते लोकहितासाठी छापलंय हेही दाखवावं लागतं. म्हणून 'चोर कंपनी' वगैरे विशेषणं गाळा आणि फोटो ठेवा.

महाराष्ट्रात गाठ वेगळ्या जागी आहे. इथे ब्रँडपेक्षा क्लास मोठा. कित्येक ठिकाणी स्केट सुचवणारा आणि विकणारा प्रशिक्षक एकच असतो, आणि पालकांना तो सल्ला वाटतो. पुरवठा करायला हरकत नाही, पण बाजारभाव आणि आपला भाव दोन्ही सांगावेत. वर्तमानपत्रांत स्केटिंग येतं ते सत्काराच्या फोटोतून. आनंदकुमार वेलकुमारनं २०२५ मध्ये चीनमध्ये जागतिक अजिंक्यपदाचं १००० मीटरचं सुवर्ण जिंकलं, हे भारतीय स्केटिंगमधलं फार मोठं यश. त्याच्या कितीतरी पट जागा इथे सलग इतके तास स्केटिंग करून 'विश्वविक्रम' केलेल्या शाळकरी मुलांच्या बातम्यांना मिळते.

त्या बातम्या लिहिणाऱ्यांना एवढंच विचारायचंय: विक्रम नोंदवणारी संस्था कोणती, आणि प्रमाणपत्रासाठी तिनं किती पैसे घेतले? आधीचा विक्रम कुणाचा आणि किती होता? पालकांनी प्रत्येकी किती रुपये भरले? सात वर्षांचं मूल रात्री दोन वाजता रिंकवर असेल तर झोपेचं आणि विश्रांतीचं वेळापत्रक कुणी ठरवलं, डॉक्टर हजर होता का, आणि हेल्मेटवर ईएन १०७८ किंवा तशा एखाद्या मानकाचा शिक्का होता का? ही उत्तरं मिळवायला पाच फोन पुरतात. ती न छापता फोटो छापला तर ती जाहिरात आहे, आणि जाहिरातीचा दर तुमच्याच पेपरच्या दरपत्रकात आहे.