ढगांना माफ आहे, त्या फ्लडलाइटला नाही

ढगांवर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकते. आकाश बघायचा नाद ज्याला लागलाय त्याने ढगांशी भांडायचं नसतं. ते येतात, बसतात, मनात आलं की जातात. माझं भांडण आहे एका पांढऱ्याफटक दिव्याशी. समोरच्या घराच्या भिंतीवर तो बसवलाय, घरातले सगळे झोपायला गेले की लागतो आणि पहाटेपर्यंत जळतो. आणि त्याचं तोंड त्यांच्या अंगणाकडे नाही, सरळ समोर आहे. म्हणजे माझ्या गच्चीवर आणि तिथून वर आभाळात. डोक्यात तिडीक गेलीय नुसती.

ज्यांनी कधी दुर्बीण लावली नाही त्यांना कळणार नाही की एक चांगली रात्र मिळायला काय काय जुळून यावं लागतं. महिन्यातला जवळजवळ अर्धा काळ संध्याकाळच्या आकाशात चंद्र असतो, त्या उजेडात अंधुक गोष्टी बघायचा विचारच सोडायचा. उरलेल्या रात्रींत ढग, धुकं, धूळ. वर आपलं घर आहेच. कुणाला ताप, कुणाची परीक्षा, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरचं काम. हवामानाचं ॲप ‘निरभ्र’ म्हणतं आणि वर बघावं तर उंचावर पातळ ढगांचा पापुद्रा, ज्यातून तारे दिसतात पण दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, दिसत नाही. हे सगळं टळून पाऊस पडून गेल्यावरची मोकळी रात्र मिळाली, तर तिच्यासारखी रात्र नाही. हवेतली धूळ धुऊन निघालेली असते, आकाश क्षितिजापर्यंत काळं उतरतं.

तशी रात्र परवा होती. चंद्र नाही, वारा नाही, ढग नाही. संध्याकाळीच दुर्बीण गच्चीवर नेऊन ठेवली, कारण तिच्यातला आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला वेळ लागतो. नाहीतर नळीतली गरम हवा हलत राहते आणि तारे उकळल्यासारखे दिसतात. मोकळ्या आकाशाखाली दव फार पडतं, म्हणून पुढे पुठ्ठ्याची गुंडाळी लावली. घरातले दिवे बंद केले. माझ्या घरातली माणसं माझ्या या नादापायी किती सोसतात ते मला ठाऊक आहे. सासूबाईंच्या टॉर्चला लाल जिलेटिन पेपर लावून दिलाय, त्या मंद लाल उजेडात त्या भिंत धरून स्वयंपाकघरात जातात आणि एका शब्दाने तक्रार करत नाहीत. नवरा मोबाइल उलटा ठेवून बसतो. मुलगी गच्चीचं दार उघडण्याआधी जिन्यातला दिवा बंद करते, तिला सांगावंही लागत नाही.

आणि हे कशासाठी? डोळ्यासाठी. अंधारात बघायचं काम डोळ्यातल्या दंडपेशी करतात, आणि त्यांच्यातलं रंगद्रव्य उजेडाने फिकं पडलं की परत भरायला वेळ लागतो. वीस-तीस मिनिटांनी डोळा बराचसा तयार होतो, पुढेही सावकाश सुधारत राहतो. लाल उजेड या पेशींना फारसा जाणवतच नाही, म्हणून ते लाल कागद. पांढरा उजेड मात्र क्षणभर डोळ्यात शिरला की सगळी तपश्चर्या पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मला बघायची होती एम 33, त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिका. सुमारे 27 लाख प्रकाशवर्षं दूर. यादीत तिची प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा, 5.7 लिहिलेली असते; हा आकडा जितका लहान तितकी गोष्ट तेजस्वी. वाचणाऱ्याला वाटतं सोपी आहे, पण तो सगळा प्रकाश पौर्णिमेच्या चंद्राहून मोठ्या तुकड्यावर पसरलेला असतो. त्यामुळे आभाळ जरासं उजळलं तरी ती त्यात विरघळून जाते. देवयानी दीर्घिका वाईट आकाशातही स्वतःचा गाभा दाखवते, एम 33 दाखवत नाही. ती बघायची तर तिरप्या नजरेने, कारण दंडपेशी दृष्टीच्या नेमक्या मध्यभागी नसतात, बाजूला असतात. जिथे बघायचं त्याच्या थोडं बाजूला नजर ठेवायची, दुर्बिणीला बोटाने हलकी टिचकी मारायची, म्हणजे चित्र हलतं आणि डोळ्याला अंधुक काहीतरी जाणवतं. ते मला जाणवलं. एक लांबट, धुरकट फुगवटा, एका बाजूला किंचित दाट. मुलीला बोलावलं. ती वाकली, श्वास रोखून बघायला लागली. म्हणाली, ‘थांब, येतंय.’

आणि खट्. समोरचा फ्लडलाइट लागला.

गच्चीचा कठडा, दुर्बिणीची नळी, आमची तोंडं, वाळत घातलेले कपडे, सगळं दुधासारखं पांढरं. मुलीने डोळे मिटून घेतले. आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, राखाडी पडद्यापलीकडे काही उरलं नाही. त्या वेळी मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. भांडायला नाही, सांगायला. ‘काका, तो दिवा थोडा खाली वळवता येईल का?’ ते म्हणाले, ‘अगं, सुरक्षेसाठी आहे तो. उजेड असलेला बरा. तुला काय त्रास आहे त्याचा?’ मी सांगितलं काय त्रास आहे. ऐकून म्हणाले, ‘तारे काय, कुठूनही दिसतात.’ माणूस वाईट नाही. आणि म्हणूनच जास्त राग येतो, कारण वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

सुरक्षेचंच बोलू. मी त्यांच्या फाटकासमोर रात्री उभी राहून बघितलंय. दिवा सरळ डोळ्यात येतो, बाहुली आकसते, आणि दिव्याखालचा कोपरा, झाडामागची जागा, फाटकाची आतली बाजू ठार काळी होते. हात वर करून तो दिवा झाकला की लगेच फाटकाशेजारी ठेवलेली सायकल दिसायला लागते. हात खाली घेतला की सायकल गायब. तिथे कुणी उभा राहिला तर त्यांच्या खिडकीतून दिसणार नाही, आणि रस्त्यावरून तर नाहीच नाही. घर राखायचं असेल तर उजेड जमिनीवर हवा. दिव्यावर झापड हवी, जवळ कुणी आलं की लागेल असा सेन्सर हवा. अचानक लागलेल्या दिव्याकडे माणूस मान वळवून बघतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. आणि तरीही ‘उजेड म्हणजे सुरक्षा’ हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय की पुढे विचार करायची कुणाची तयारी नाही.

आणि तो रंग! निळसर पांढरा, टोचणारा. हवेत निळा प्रकाश लाल-पिवळ्यापेक्षा फार जास्त विखुरतो, दिवसा आकाश निळं दिसतं ते त्याचमुळे. 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश 600 नॅनोमीटरच्या नारिंगीपेक्षा तिपटीने विखुरतो. म्हणजे तेवढ्याच उजेडाचा उबदार रंगाचा दिवा आभाळ कमी नासवतो. दिव्याचा रंग केल्विनमध्ये सांगतात, आकडा जितका कमी तितका रंग पिवळट. बाजारात 2700 आणि 3000 केल्विनचे दिवे मिळतात, पण लोक हौसेने 6500 घेतात, का तर ‘लख्ख’ दिसतं म्हणून.

यावर उंटावरचे शहाणे सल्ला देतात, फिल्टर लाव. अहो, फिल्टर चालायचा तो जुन्या सोडियमच्या पिवळ्या दिव्यांवर. त्यांचा प्रकाश बराचसा 589 नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असायचा, तेवढी पट्टी अडवली की बाकीचं आकाश सुटायचं. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश निळ्यापासून लालपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, तोही तसाच पसरलेला. काय अडवायचं आणि काय सोडायचं? दुसरा सल्ला, मोठी दुर्बीण घे. मोठी दुर्बीण उजळलेलं आकाशही तितकंच गोळा करते. तिसरा सल्ला, मग चंद्र आणि ग्रहच बघ. बघते की. शनीची कडी, गुरूचे चंद्र उजेडातही दिसतात आणि दर वेळी आनंद होतो. पण म्हणून बाकीचं सगळं विश्व मी सोडून द्यायचं, ते एका भिंतीवरच्या दिव्यासाठी?

हे फक्त माझ्या गच्चीचं रडगाणं असतं तर गप्प बसले असते. 2016 साली रात्रीच्या आकाशाच्या उजेडाचा जागतिक नकाशा प्रसिद्ध झाला. त्यानुसार जगातली 80 टक्क्यांहून जास्त माणसं उजेडाने नासलेल्या आकाशाखाली राहतात, आणि एक तृतीयांश माणसांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. 2023 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेलं संशोधन तर झोप उडवणारं आहे. जगभरच्या साध्या हौशी लोकांनी 2011 ते 2022 या काळात डोळ्यांनी तारे बघून 50 हजारांवर नोंदी पाठवल्या. त्यांतून निघालं की आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी 9.6 टक्क्यांनी वाढतोय. म्हणजे आठ वर्षांत दुप्पट. आज जिथे 250 तारे दिसतात तिथे जन्मलेल्या मुलाला अठरा वर्षांचं होईपर्यंत जेमतेम 100 दिसतील. ही घट होताना कुणी ओरडत नाही, कारण ती एकेका ताऱ्याने होते. माझी मुलगी जे बघत मोठी होतेय तेच तिला खरं आकाश वाटणार.

ढगांचंही तेच केलंय आपण. खऱ्या अंधाऱ्या जागी रात्री ढग आला तर तो काळा दिसतो, तारे झाकले गेले म्हणूनच तो कळतो. आमच्या इथे ढग नारिंगी-पांढरे चमकतात. खालचा उजेड ते परत खाली फेकतात, आणि ढगाळ रात्र मोकळ्या रात्रीपेक्षा जास्त उजळ होते. त्यात पाखरं भरकटतात, किडे दिव्याभोवती फिरून मरतात, समुद्राकडे जायला निघालेली कासवाची पिल्लं उलट दिशेला दिव्यांकडे चालत सुटतात. माणसाच्या शरीरात रात्री तयार होणारं, झोपेला मदत करणारं मेलाटोनिन हे संप्रेरकही या उजेडाने कमी होतं. आमच्या झोपायच्या खोलीत जाड पडदे लावलेत, तरी कडेने पांढरी रेघ आत येतेच.

आणि सगळ्यात जास्त चीड आणणारं वाक्य म्हणजे, ‘मग गावाबाहेर जा की!’ दर वेळी? दुर्बीण, तिची बैठक, बॅटरी, पोरगी, सगळं गाडीत घालून, आकाशाचा भरवसा नसताना? सासूबाईंना घरी एकटं टाकून? तासभर जावं आणि पोचेपर्यंत ढग यावेत, हे आकाश बघणाऱ्या प्रत्येकाने भोगलंय. घरून बघण्याची मजाच ही की भात लावून दहा मिनिटं वर जाता येतं, रात्री तीनला जाग आली तर चप्पल घालून मृगातला तेजोमेघ बघून येता येतं. विल्यम हर्शेलने 13 मार्च 1781 ला युरेनस ग्रह शोधला तो इंग्लंडातल्या बाथ गावच्या आपल्या घराच्या बागेतून, स्वतः घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीने. तेव्हा तो पोटासाठी संगीत शिकवायचा आणि वाजवायचा. आरसा घासताना त्याला हात सोडता यायचा नाही, तेव्हा बहीण कॅरोलिन त्याला घास भरवायची. घरातूनच होतं हे सगळं. शेजारी मात्र तसा दिवा नव्हता.

मी अंधार मागत नाहीये कुणाकडे. त्यांच्या अंगणात हवा तेवढा उजेड ठेवा, खुशाल ठेवा. पण जो उजेड त्यांच्या कुठल्याच कामाचा नाही, ज्याचं बिल ते भरतात आणि जो नुसता वर जातो, तेवढा तरी थांबवा. धूर काढायला वर्षं लागतात, नदी साफ करायला पिढ्या लागतात. हा एकच कचरा असा आहे की बटण दाबलं की त्या क्षणी संपतो, मागे काही उरत नाही. आणि तोही आपल्याला आवरत नाही, याचाच मला राग आहे.

दिवा भिंतीला ज्या पट्टीवर बसवलाय तिला दोन्ही बाजूंनी एकेक बोल्ट आहे. ते सैल करायचे, दिवा खाली झुकवायचा, पुन्हा आवळायचे, झालं. रविवारी मी परत जाणार आहे त्यांच्याकडे. शिडी माझी, पाना माझा, झापडीसाठी पत्राही मीच कापून नेणार आहे, सेन्सरचा खर्चही मी करीन. काकांनी फक्त ‘हो’ म्हणायचं आहे. नाही म्हणाले तर पुढच्या रविवारी पुन्हा जाईन.