प्रतिसाद : ‘रात्रभर ओरडणारी शेळी गळ्यात मारली’

ताई, नमस्कार.

आमच्याकडून नेलेल्या शेळीच्या ओरडण्याने तुमची आणि शेजाऱ्यांची झोपमोड झाली, याबद्दल मनापासून दिलगिरी. अभिप्रायात एक तारा दिलात, तोही आम्ही मुकाट्याने घेतला असता. पण ‘ओरडकी शेळी गळ्यात मारली आणि काहीच सांगितलं नाही’ हे वाचून राहवलं नाही. असं वाचलेलं माणूस आमच्याकडे फिरकणार नाही, आणि आमचं घर या शेळ्यांवरच चालतं.

सांगितलं होतं, ताई. तुम्ही पाट (अजून न व्यालेली तरुण शेळी) पसंत केलीत तेव्हा मी आणि माझी बायको, दोघांनीही म्हटलं होतं की हिच्याबरोबर हिची बहीण न्या, नाहीतर एखादा खच्ची बोकड न्या. शेळी कळपातलं जनावर. एकटी पडली की हाका मारणारच. त्यावर तुम्ही म्हणालात, ‘घरी कुत्रा आहे, त्याची सोबत होईल.’ कुत्रा कितीही गरीब असला तरी शेळी त्याला बिचकून असते. एखाद्या घरी जमतंही त्यांचं, नाही असं नाही. पण पाय दुमडून निवांत रवंथ करायला तिला शेजारी दुसरी शेळीच लागते. ‘आधी एक नेऊन बघतो’ असं तुमचं ठरलं. आम्ही जास्त आग्रह धरला नाही, कारण दुसरं जनावर खपवायला बघतात असं तुम्हाला वाटू नये. आणि आता ऐकायला काय मिळालं, तर ‘गळ्यात मारली’.

आता ‘रोज रात्रभर’ या शब्दांबद्दल. तुम्ही टाकलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. पाटीची शेपटी सारखी हलतेय, शेपटीखालचा भाग सुजलाय, गव्हाणीत चारा असून तिचं त्यात लक्ष नाही, आणि कुंपणाशी उभी राहून ती ओरडतेय. ही आजारी नाही, माजावर आलीय, म्हणजे तिला बोकडाची ओढ लागलीय. वयात आलेली पाट गाभण नसेल तर साधारण 21 दिवसांनी माजावर येते, एक-दोन दिवस ओरडते आणि आपोआप गप्प होते. तुम्ही स्वतःच खाली लिहिलंय की ‘तिसऱ्या दिवशी आवाज थांबला’. मग रोज कसं, ताई? एरवी पोट भरलेली, सोबत असलेली शेळी अंधार पडल्यावर बसते ती सकाळपर्यंत फारसा आवाज करत नाही. आमचा गोठाही वस्तीतच आहे, भिंतीला भिंत लागून घरं आहेत.

त्याच व्हिडिओच्या शेवटी खुराकाची वाटी घेऊन एक हात पुढे येतो. ओरडली की दाणे मिळतात, हे शेळी फार लवकर शिकते. मग भूक नसली तरी ओरडते. वर जास्त दाण्याने पोट बिघडतं, फुगतं, जिवावरही बेततं. खुराक ठरल्या वेळी आणि ती गप्प असतानाच द्या. हे मी फोनवरही बोललो होतो.

‘शहरात शेळी पाळताच येत नाही’ हे तर अजिबात पटलं नाही. सिएटलसारख्या मोठ्या शहराने 2007 साली लहान चणीच्या शेळ्या घरी पाळायला परवानगी दिली. अट घातली ती शिंगं काढण्याची आणि नर खच्ची करण्याची. नुसती हौस म्हणून पाळायचं असेल तर आम्हीही खच्ची बोकडांची जोडीच सुचवतो. त्यांना माज नाही आणि उग्र वासही नाही. तुम्हाला पुढे दूध हवं होतं, म्हणून पाट दिली.

यापुढे माज आणि आवाज यांविषयीची माहिती आम्ही छापून प्रत्येकाच्या हातात देऊ. बाकीही काही सुधारणा करायचं चाललंय.

तुमच्यासाठी आत्ता एवढं नक्की करू शकतो : तिच्याच बरोबरीचा, तिच्याच गोठ्यातला खच्ची बोकड सोबतीला पाठवतो. ती रुळेपर्यंत ठेवा, पैसे नकोत. फक्त त्याला दाणे देऊ नका, मुतखडा होतो. कोरडा चारा आणि भरपूर पाणी पुरे. खोपटं शेजाऱ्यांच्या खिडकीला लागून आहे असं व्हिडिओत दिसतं, ते दुसऱ्या भिंतीला न्या. दिवस मावळताना गव्हाण भरून ठेवा. पुढचा माज आला की शेजाऱ्यांना आधीच कल्पना द्या. पाट परत करायची असेल तरी घेऊन जाऊ, तिची आबाळ व्हायला नको.

तारे वाढवा असं म्हणत नाही. पण ‘काहीच सांगितलं नाही’ हे वाक्य तेवढं काढा, ही विनंती.